मधपेटीवरील लूट कशी ओळखावी आणि कशी थांबवावी

फुलोरा ओसरला, की मधमाश्यांच्या वसाहतीतील हजारो कामकरी माश्यांना एकाएकी काम उरत नाही. त्यांची संख्या तेवढीच असते, उडण्याची ताकदही तेवढीच असते. पण बाहेर मकरंद नसतो. अशा दिवसांत शेजारच्या पेटीतला मध हेच परिसरातले सर्वांत समृद्ध अन्न ठरते. फुलांतील मकरंदात बहुधा 20 ते 50 टक्के साखर असते, पिकलेल्या मधात ती सुमारे 80 टक्के असते, आणि तो एकाच जागी किलोंच्या हिशेबाने साठलेला असतो. एखाद्या माशीला त्याचा पत्ता लागला, की ती पोट भरून घरी परतते, पोळ्यावर नाच करून सोबतिणींना बातमी देते आणि पाहता पाहता एकीच्या शेकडो होतात.

लूट भरात आल्यावर दुबळी वसाहत एका दिवसात रिकामी होऊ शकते. त्यात मध जातो, दारावरच्या पहारेकरी माश्या लढताना मरतात, अनेकदा राणीही मारली जाते आणि लुटणाऱ्या वसाहतीत रोग व किडी पोहोचतात. त्यामुळे ही केवळ एका पेटीची हानी राहत नाही. परिसरातील सर्व पेट्यांचा आणि शेजारच्या मधपाळांचाही त्यात संबंध येतो.

पुढील सर्व उपाय एकाच गोष्टीवर उभे आहेत. लुटारू माशी मधाच्या वासाचा माग काढत पेटीपर्यंत येते, तर घरची माशी आठवणीने आपल्या दाराशी परतते. वास जिथून येतो ती जागा आणि आत जाण्याची वाट या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या, तर घरच्या माश्यांना फारसा त्रास न होता लुटारूंना बाहेर ठेवता येते. ऐन गडबडीत काय करावे ते सुचत नसेल, तर हा एक मुद्दा आठवावा.

ही लूटच आहे, याची खात्री कशी करावी

पेटीसमोर अचानक माश्यांची दाटी दिसली म्हणजे लूट सुरू झाली असे नाही. निरोगी वसाहतीतील तरुण माश्या पहिल्यांदा बाहेर पडतात, तेव्हा त्या पेटीकडे तोंड करून हवेत वरखाली तरंगतात आणि हळूहळू मोठी वर्तुळे घेत आपल्या घराची खूण पटवतात. असे उड्डाण बहुतेक वेळा दुपारच्या उबदार वेळी होते, वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते आणि त्यात मारामारी अजिबात नसते. नवख्या मधपाळांनी याला लूट समजून दारे बंद केल्याने माश्यांचे विनाकारण हाल होतात. तेव्हा आधी शांतपणे उभे राहून पाहावे.

लुटीच्या वेळी दृश्य वेगळे असते. लुटारू माशी सरळ दाराशी उतरत नाही. ती पेटीसमोर डावी-उजवीकडे हेलकावे घेत राहते, उडताना तिचे मागचे पाय खाली लोंबत असतात, आणि पहारेकरी माशी अंगावर आली की ती झटकन मागे सरते. तिला दाराइतकाच झाकणाखालच्या फटीत, एकावर एक ठेवलेल्या दोन कोठारांच्या (पेटीच्या कप्प्यांच्या) सांध्यात आणि पेटीच्या कोपऱ्यांतही रस असतो. घरची माशी तिकडे कधी फिरकत नाही. दारासमोरच्या फळीवर दोन-दोन माश्या एकमेकींना घट्ट धरून गोल फिरताना, गडगडत खाली जमिनीवर पडताना दिसतात. दिवसभर फटींतून घुसून आणि झटापटी करून जुन्या लुटारू माश्यांच्या अंगावरची लव झडते, त्यामुळे त्या काळ्या आणि तुकतुकीत दिसू लागतात.

बाहेर पडणाऱ्या माश्यांकडे नीट पाहावे. कामाला निघालेली घरची माशी हलकी असते आणि फळीवरून थेट झेप घेते. लुटारू माशी मधाने जड झालेली असते; ती पेटीच्या दर्शनी भिंतीवर थोडी वर चढते, तिथून उडी घेताना क्षणभर खाली झोकांडते आणि मग उडते. आत जाणाऱ्या माश्यांच्या पायांवर परागाच्या गोळ्या जवळजवळ दिसत नाहीत. तळपाटावर मेणाचा बारीक चुरा साठू लागतो, कारण लुटारूंना झाकण व्यवस्थित उघडण्याची सवड नसते. त्या मधकोषांवरची झाकणे फाडतात आणि कडा वेड्यावाकड्या राहतात. घरच्या माश्यांनी खाल्लेल्या पोळ्याच्या कडा स्वच्छ असतात. ही खूण मेलेल्या वसाहतीची तपासणी करतानाही उपयोगी पडते.

लुटीचा एक शांत प्रकारही असतो आणि माझ्या मते तोच अधिक घातक, कारण तो नजरेतून निसटतो. दुबळ्या किंवा राणीहीन वसाहतीचा पहारा मोडलेला असतो. तिथे लढाई होतच नाही. परक्या माश्या निवांत ये-जा करतात आणि मधपाळाला पेटी जोमात असल्याचा भास होतो. टंचाईच्या दिवसांत सर्वांत दुबळी पेटी सर्वांत गजबजलेली दिसली, की संशय घ्यावा. अशा वेळी सायंकाळी उजेड कमी होऊ लागल्यावर पुन्हा पाहावे. लुटारू पहाटे लवकर सुरू होतात आणि उजेड असेपर्यंत थांबत नाहीत. इतर पेट्या शांत झाल्यावरही एखाद्या पेटीसमोर लगबग असेल, तर उत्तर मिळाले. शिवाय पेटी मागून किंचित उचलून तिचे वजन दर दोन दिवसांनी अजमावत राहावे.

लुटणाऱ्या माश्या कोणत्या पेटीतून येतात ते जाणून घ्यायचे असेल, तर लुटल्या जाणाऱ्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर चिमूटभर कोरडे पीठ भुरभुरावे आणि दुसऱ्या कोणीतरी बाकीच्या पेट्यांच्या दारांवर लक्ष ठेवावे. पांढऱ्या झालेल्या माश्या जिथे उतरतील, ती लुटारूंची पेटी.

लूट सुरू झाली असता पहिल्या तासात काय करावे

पेटी उघडी असेल, तर सर्वांत आधी ती बंद करावी. तपासणी अर्धवट राहिली तरी चालेल. बाहेर काढलेल्या पोळ्यांच्या चौकटी आत ठेवाव्यात, झाकण लावावे, मेणाचे तुकडे आणि सांडलेला मध उचलून जागा भरपूर पाण्याने धुवावी. मग लुटल्या जाणाऱ्या पेटीचे दार लाकडी पट्टीने इतके लहान करावे की एका वेळी एक किंवा फार तर दोन माश्या जाऊ शकतील. साधारण एक ते दोन सेंटिमीटर रुंदी आणि 8 ते 10 मिलिमीटर उंची पुरते. आजूबाजूच्या सर्व पेट्यांची दारेही त्याच वेळी लहान करावीत, कारण एका दारातून हुसकावलेल्या लुटारू माश्या लगेच शेजारचे दार हुडकतात. फटी, चिरा आणि झाकणाच्या सांध्यांवर चिकटपट्टी किंवा ओली माती लावली तरी तात्पुरते काम भागते.

धुराचा मोह आवरावा. धुराने पहारेकरी माश्या आत पळतात, मध पिऊ लागतात आणि पेटीची उरलीसुरली राखण ढिली पडते. लुटारू मात्र काही मिनिटांत परततात. त्याऐवजी पाणी वापरावे. बारीक फवाऱ्याने पेटीवर आणि तिच्या समोरच्या हवेत पाऊस पडत असल्यासारखे पाणी उडवत राहिले, तर माश्या घराकडे वळतात. दार लहान करून पाणी मारल्याने लूट सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर बहुधा थांबते.

एवढ्याने जोर ओसरत नसेल, तर मोठी चादर पाण्यात भिजवून संपूर्ण पेटीवर अशी टाकावी की तिच्या कडा जमिनीपर्यंत पोहोचतील. ओल्या कापडामुळे वासाची दिशा बिघडते आणि लुटारूंना दार सापडत नाही. घरच्या माश्या कापडाच्या कडेखालून वाट काढतात. थोडा गोंधळ होतो, पण सायंकाळपर्यंत बहुतेक आत पोहोचतात. कापड वाळू देऊ नये.

अखेरचा तातडीचा उपाय म्हणजे दार जाळीने पूर्ण बंद करणे. येथे सावधगिरी हवी. पिलाव्याचे (पोळ्यातील अंडी, अळ्या आणि कोषांचे) तापमान वसाहत 34 ते 35 अंश सेल्सिअसच्या आसपास राखते आणि त्यासाठी तिला हवा खेळती लागते. कोंडलेल्या, घाबरलेल्या माश्या स्वतःची उष्णता वाढवतात. मेण 62 ते 64 अंशांना वितळत असले, तरी 40 अंशांच्या आसपासच ते इतके मऊ होते की मधाने भरलेली पोळी चौकटीतून खाली बसतात. म्हणून लाकडाने किंवा कापडाच्या बोळ्याने दार कधीही बुजवू नये. तारेची जाळीच लावावी, शक्य असल्यास वरच्या झाकणाखालीही जाळी देऊन हवेला वाट करावी आणि पेटीवर सावली धरावी. सायंकाळी उजेड कमी झाल्यावर जाळी वीस मिनिटे काढावी. आत अडकलेल्या लुटारू माश्या निघून जातात, बाहेर राहिलेल्या घरच्या माश्या आत येतात. त्यानंतर दार लहान करून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पहाटे लुटारू नक्की पुन्हा येतात, त्यांना जागा आठवत असते, हे गृहीत धरूनच रात्रीची तयारी करावी.

रोधक जाळी: सर्वांत भरवशाचा उपाय

दार लहान करणे हा सर्वांचा पहिला उपाय असला, तरी दुबळ्या वसाहतीला तो पुरत नाही. तिच्याजवळ पहाऱ्याला माश्याच कमी असतात आणि लहान दारासमोर लुटारूंची गर्दी साचून घरच्या माश्यांनाही आत जाता येत नाही. अशा पेटीसाठी रोधक जाळी बसवावी. घरी बनवायला ती अवघड नाही.

दाराच्या रुंदीपेक्षा थोडी मोठी आणि सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर उंचीची लाकडी चौकट करावी. तिची जाडी अशी ठेवावी, की पेटीची दर्शनी भिंत आणि जाळी यांमध्ये माश्यांना चालण्यापुरती सुमारे दोन सेंटिमीटरची पोकळी राहील. बाहेरच्या बाजूने अंदाजे 3 मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी ताणून ठोकावी. छिद्रे यापेक्षा फार मोठी असतील तर माश्या त्यांतून घुसतात. चौकटीच्या वरच्या पट्टीत एका कोपऱ्याला एक-दोन सेंटिमीटरचे दार ठेवावे. पेटीचे मूळ दार जाळीच्या मागे, खाली आणि शक्यतो विरुद्ध बाजूला येईल असे पाहावे. आता मधाचा वास मूळ दारातून जाळीच्या छिद्रांवाटे सरळ बाहेर येतो आणि लुटारू माश्या तिथेच, जाळीच्या खालच्या भागावर धडका देत राहतात. घरची माशी आतून चालत वर येते, वरच्या दारातून बाहेर पडते आणि परतताना तीच वाट आठवून वापरते.

ही जाळी सायंकाळी, सर्व माश्या आत आल्यावर बसवावी. सकाळी प्रत्येक माशी नव्या दारातूनच बाहेर पडते आणि त्याची खूण पटवते. भर दुपारी बसवल्यास बाहेर असलेल्या घरच्या माश्याही जाळीवर लोंबकळत राहतात आणि त्यांना सावरायला वेळ लागतो. एकदा बसवलेली जाळी टंचाई संपेपर्यंत काढू नये. पेटीच्या कडांना ती घट्ट बसली आहे ना, हे मात्र बोट फिरवून पाहावे. बाजूला पाच-सहा मिलिमीटरची फट राहिली तरी लुटारू ती हुडकून काढतात आणि सगळा खटाटोप वाया जातो.

पेटी हलवावी का

काही वेळा लुटारूंचा जोर असा असतो, की पेटी हलवण्यावाचून गत्यंतर नसते. ती रात्री, जाळीने दार बंद करून, किमान तीन किलोमीटर दूर न्यावी. त्याहून जवळ नेल्यास जुन्या माश्या पूर्वीच्या जागी परततात. मूळ जागा मोकळी सोडू नये, ही गोष्ट सहज विसरली जाते. तिथे काहीच सापडले नाही, तर लुटारूंचा थवा शेजारच्या पेट्यांवर तुटून पडतो. म्हणून त्या जागी लहान दाराची रिकामी पेटी, आत मधाने किंचित ओले राहिलेले एखादे जुने पोळे घालून ठेवावी. तेवढे चाटून झाल्यावर लुटारूंचा उत्साह हळूहळू मावळतो. हे पोळे निरोगी वसाहतीतीलच असले पाहिजे.

लुटणाऱ्या आणि लुटल्या जाणाऱ्या पेटीच्या जागांची अदलाबदल करण्याचा सल्लाही दिला जातो. लुटारू मग आपल्याच घरात मध आणू पाहतात, असे त्यामागचे तर्कशास्त्र. कधी तो लागू पडतो. पण दुबळ्या वसाहतीत एकदम शिरलेल्या परक्या माश्या राणीला मारू शकतात आणि लुटारू एकाहून अधिक पेट्यांतील असतील तर गोंधळ वाढतोच. मी हा उपाय सुचवणार नाही.

लूट होऊच नये म्हणून

लुटीला निमंत्रण बहुतेक वेळा माणसाच्या हातून मिळते, आणि ही तशी दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण ते टाळणेही माणसाच्याच हाती आहे. टंचाईच्या काळात पेटी उघडायचीच असेल, तर काय पाहायचे ते आधी ठरवून दहा मिनिटांत काम आटोपावे आणि ते माश्यांचा वावर थंडावतो अशा उशिराच्या वेळी करावे. काढलेली चौकट जमिनीवर टेकवून ठेवू नये. झाकणाच्या रिकाम्या डब्यात ठेवून वर ओले कापड टाकावे. पोळ्याचे खरवडलेले तुकडे खाली न टाकता झाकणबंद डब्यात घालावेत. ज्या पेटीत मध उघडा पडला असेल, ती सर्वांत शेवटी तपासावी. एकदा हवेत हेलकावे घेणाऱ्या माश्या वाढल्याचे दिसले, की त्या दिवसाचे काम तिथेच थांबवावे.

साखरेचा पाक देताना सर्वाधिक चुका होतात. पाक नेहमी सायंकाळी आणि पेटीच्या आत, झाकणाखाली किंवा चौकटीच्या जागी बसणाऱ्या भांड्यात द्यावा. दारापाशी लावायची बाटली सोयीची वाटते, पण ती नेमकी लुटारूंच्या वाटेवर अन्न ठेवते. दुबळ्या वसाहतीला ती कधीच लावू नये. उघड्या परातीत पाक ठेवून सर्व पेट्यांना एकत्र खाऊ घालण्याची पद्धतही टाळावी, कारण परात संपल्यावर तिथे जमलेल्या माश्या जवळच्या पेट्यांकडे वळतात. पाकाला मधाच्या मानाने वास कमी असतो, म्हणून त्यात सुगंधी तेले मिसळू नयेत, आणि मध खाऊ म्हणून मुळीच देऊ नये. आसपासच्या सर्व पेट्यांना एकाच सायंकाळी खाऊ दिला, तर कोणत्याही वसाहतीला शेजारी डोकावण्याची निकड राहत नाही.

मध काढण्याची खोली माश्यांना शिरता येणार नाही अशी बंद असावी. मध काढून झालेली ओली पोळी उघड्यावर चाटायला ठेवण्याऐवजी रात्री ज्या त्या पेटीवर परत चढवावीत. सकाळपर्यंत त्या वसाहतीने बरेच काम उरकलेले असते. रिकामी यंत्रे, चाळण्या आणि भांडी धुतल्याशिवाय बाहेर आणू नयेत.

पेटीची दुरुस्ती फुलोरा असतानाच करावी. वाकलेले झाकण, कुजलेला कोपरा, सांध्यातील फट या गोष्टी मकरंद भरपूर असताना निरुपद्रवी वाटतात; तेव्हा पहारेकरी माश्याही परक्या माशीकडे फारशा कडकपणे पाहत नाहीत. टंचाई सुरू झाली, की तीच फट दुसरे दार बनते, आणि त्या दारावर पहारा नसतो. फुलोरा कमी होऊ लागताच सर्व दारे वसाहतीच्या ताकदीप्रमाणे लहान करावीत: भरलेल्या वसाहतीला हाताच्या रुंदीइतके, लहान वसाहतीला बोटाच्या रुंदीइतके. व्हॅरोआ या माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवी किडीवरचे फॉर्मिक आम्लाचे उपचार करताना दार मोठे ठेवावे लागते. ही गोष्ट टंचाईच्या काळाशी जुळत नाही, म्हणून अशा उपचाराची वेळ आधीच धरावी किंवा दुसरा उपचार निवडावा.

दुबळ्या वसाहती हे लुटीचे मूळ असते. राणी नाही, रोग आहे, किंवा चार चौकटीही माश्यांनी झाकत नाहीत, अशी वसाहत टंचाईच्या तोंडावर तशीच ठेवण्यात शहाणपण नाही. राणी द्यावी, किंवा वसाहत निरोगी असल्यास ती दुसऱ्या वसाहतीत मिसळावी. त्यासाठी दोन कोठारांमध्ये वर्तमानपत्राचा एक कागद घालून त्याला दोन-तीन बारीक चिरा द्याव्यात. माश्या दोन-तीन दिवसांत कागद कुरतडतात आणि तोवर दोन्हींचा वास एक झालेला असतो. लहान आकाराच्या देशी सातेरी माश्यांच्या पेट्या मोठ्या, युरोपीय मेलिफेरा माश्यांच्या जोमदार पेट्यांशेजारी ठेवू नयेत. टंचाईत अशी लूट एकतर्फी होते.

लूट थांबल्यानंतर

दोन दिवस शांततेत गेले, की सायंकाळी पेटी थोडक्यात उघडून तीन गोष्टी पाहाव्यात: ताजी अंडी आहेत का, किती चौकटींवर माश्या आहेत, आणि खायला काय उरले आहे. अंडी नसतील तर राणी गेली असे समजून वर सांगितल्याप्रमाणे निर्णय घ्यावा. मध संपला असेल तर त्याच रात्री आतल्या भांड्यात पाक द्यावा, पण तो थोडाथोडा, रातोरात संपेल एवढाच.

लुटलेली वसाहत का दुबळी झाली, हे शोधणे मात्र सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकन फाऊलब्रूड या रोगाच्या जिवाणूंची बीजे मधात आणि पोळ्यात अनेक दशके जिवंत राहतात आणि लुटीच्या मधासोबत ती निरोगी पेटीत जातात. पिलाव्याची झाकणे खचलेली व छिद्रे पडलेली असतील, आत काडी घालून ओढल्यावर चिकट तपकिरी तार निघत असेल, तर पेटीचे दार जाळीने पूर्ण बंद करून तज्ज्ञांना दाखवावे. तिच्यातील एकही चौकट दुसरीकडे देऊ नये. मेलेल्या वसाहतीची पेटी तर एक तासही उघडी सोडू नये.

व्हॅरोआमुळे कोसळणारी वसाहत लुटली जाते, तेव्हा किडी लुटारू माश्यांच्या अंगावर बसून त्यांच्या घरी जातात. म्हणून लुटणाऱ्या जोमदार पेटीचीही दोन आठवड्यांनी तपासणी करावी: पिलाव्याच्या चौकटीवरील सुमारे 300 माश्या, राणी त्यात नाही याची खात्री करून, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात, वर पिठीसाखर टाकून बरणी हलवावी आणि पांढऱ्या कागदावर गळून पडलेल्या किडी मोजाव्यात. त्या नऊच्या आसपास किंवा अधिक निघाल्या, तर उपचाराला उशीर करू नये.

दार पुन्हा मोठे करण्याची घाई नको. घरच्या माश्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन सलग काही दिवस येऊ लागल्या, पोळ्यात ताजा मकरंद चमकताना दिसला आणि दारावर कोणी कोणाला अडवत नसेल, तरच पट्टी एक टप्पा सरकवावी आणि रोधक जाळी सर्वांत शेवटी, रात्रीच्या वेळी काढावी.